तिसऱ्या पानानंतर

जुनं मराठी पुस्तक इंटरनेटवर शोधायला बसलं की आजकाल ते बहुधा सापडतं. मुखपृष्ठ दिसतं, शीर्षकपान दिसतं. छापखान्याचं नाव, आवृत्ती दुसरी, किंमत दीड रुपया. प्रस्तावनेची दोन-तीन पानं वाचता येतात. मग अक्षरं धूसर होतात. परिच्छेद कुठे संपला, तळटीप कुठे आली एवढं कळतं, शब्द मात्र एकही लागत नाही. त्या धूसर पानावर एक चौकट येते: पुढचं वाचायचं तर वर्गणीदार व्हा. पहिले काही दिवस मोफत असतात, पण कार्डाचा नंबर आधी द्यावा लागतो.

अशा वेळी मी परत वर जाऊन शीर्षकपानावरचा शिक्का बघते. जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, आत 'सार्वजनिक वाचनालय' अशी अक्षरं, खाली गावाचं नाव आणि टाकाने लिहिलेला दाखल क्रमांक. कुठल्यातरी गावच्या लोकांनी महिन्याला काही आणे वर्गणी भरून हे पुस्तक विकत घेतलं होतं. ग्रंथपालाने त्याला खाकी कव्हर घातलं, पाठ सुटली तेव्हा पुन्हा बांधून घेतलं, कसर लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवला. ऐंशी-नव्वद वर्षं ते टिकलं. मग कुणीतरी ते स्कॅन केलं. आणि आता ते ज्याच्या कुलपाखाली आहे, त्याने ते लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, जपलेलं नाही आणि बहुतेक वेळा स्कॅनही केलेलं नाही. गावाने एकदा वर्गणी भरून घेतलेल्या पुस्तकासाठी त्याच गावच्या पोरांनी पुन्हा परक्याला वर्गणी द्यायची, हे मला मान्य होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी राहून मी विद्यार्थ्यांना संदर्भ शोधून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे.

कागद वाटून घेण्याची ही संकेतस्थळं सुरू झाली तेव्हा त्यामागची कल्पना उमदी होती. स्क्रिब्ड २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. कुणीही आपल्याकडचा कागद चढवावा आणि जगात कुणीही तो वाचावा, इतकं ते सरळ होतं. अकॅडेमिया त्यानंतरच्या वर्षी आलं, संशोधकांनी आपापले लेख एकमेकांना द्यावेत म्हणून. पुढे जागा भाड्याने घ्यायची, माणसं नेमायची, गुंतवणूकदारांना परतावा द्यायचा, तर पैसा कुठून तरी यायला हवा. २०१३पासून स्क्रिब्डवर महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं वाचता येऊ लागली. धंदा करणाऱ्याने पैसे मागू नयेत असं मी म्हणणार नाही. चालू प्रकाशकांची पुस्तकं तिथे असतात, त्यांचा वाटा त्यांना जातो, ते रास्तच आहे.

पण वर्गणीच्या शेजारी आणखी एक दार ठेवलेलं असतं आणि माझ्या मते बराचसा घोळ तिथे झाला. वर्गणी भरायची नसेल तर तुमच्याकडचा एखादा कागद चढवा, त्याच्या बदल्यात हवा तो उतरवून घ्या. वरवर पाहता ही देवाणघेवाण आहे. प्रत्यक्षात ज्याला कागद हवा असतो त्याच्याकडे स्वतःचं लिहिलेलं देण्यासारखं काही नसतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला उद्या सकाळी टिपण द्यायचं असतं. तो मोबाइलमध्ये हाताला लागेल ते चढवतो. आरतीसंग्रह, नवनाथ भक्तिसार, दहावीची प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, भाडेकरार, दुसऱ्या कुणाचा प्रबंध. अशा एका ठिकाणी मला लग्नासाठी बनवलेला एका मुलीचा बायोडेटा दिसला. फोटो, जन्मवेळ, मामाचं गाव, वडिलांचा फोन नंबर, सगळं उघड. त्या मुलीला हे माहीतही नसेल. कुणीतरी तो तिच्या आयुष्याचा कागद देऊन अर्थशास्त्राच्या नोट्स घेऊन गेलं होतं.

शासन निर्णयांचंही तेच. जी.आर. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, सांकेतिक क्रमांक टाकला की समोर येतो. पण शोधयंत्रात आधी कुलूपबंद प्रत दिसली, तर शाळेच्या अनुदानासाठी तो हवा असलेला मुख्याध्यापक तिथेच अडकतो. जनतेच्या पैशाने काढलेला आदेश जनतेपासूनच अडवून ठेवला जातो. यात कायदा मोडला की नाही हे वकिलांनी ठरवावं. गरजू माणसाची वाट अडली, हे मला दिसतं.

आमच्याकडे कागद अडवून ठेवण्याचा इतिहास जुना आहे, आणि तो सोडवून घेणाऱ्यांचाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. १७५० ते १७६१ या, पानिपतापर्यंतच्या, काळातली पत्रं त्यात आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, पुष्कळदा पायी, स्वतःच्या हाताने शिजवून खात. ज्यांच्या घरी दप्तरं होती ते ती दाखवायला सहसा राजी नसत. कुणाला वतनाची भीती, कुणाला भाऊबंदकीची. कागद घराबाहेर गेला की हक्क गेला, असा समज. रुमालात बांधलेली पत्रं माळ्यावर कसर खात पडलेली असत, पण परक्याला हात लावू देत नसत. राजवाडे मन वळवत, बसून मोडी वाचत, नकला करत आणि छापून टाकत. छापलं की तो कागद त्या घराच्या माळ्यावरून सुटून सगळ्यांचा होई. पुढे १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेही याच ध्यासातून.

पेशवे दप्तराची कहाणी याहून मोठ्या कुलपाची. १८१८ला पेशवाई संपली आणि ते दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. इनामांचे दावे तपासायला सरकारला ते उपयोगी होतं, म्हणून जपलंही. पण ज्यांच्या पूर्वजांची ती पत्रं, त्या मराठी अभ्यासकांना तिथे शिरणं फार कठीण होतं. राजवाड्यांची पिढी त्या दारापाशी ताटकळली. अखेर गोविंद सखाराम सरदेसाईंकडे निवडीचं काम सोपवण्यात आलं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांनी ४५ खंड छापून बाहेर काढले. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने काही वर्षांत केलेलं हे काम आहे. ते खंड हातात घेतले की त्यामागची घाई जाणवते, आणि ती मला आवडते: दार उघडलंय, पुन्हा बंद व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं बाहेर काढू या.

आज ते खंड इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही उतरवून घेता येतात. तेच स्कॅन, तीच फाटकी कड, तेच पान उलटताना कॅमेऱ्यात आलेलं बोट, अशा अवस्थेत जुनी ऐतिहासिक साधनं वर्गणीच्या चौकटीमागेही दिसतात. एवढ्या खटाटोपाने जे सोडवलं, ते पुन्हा बांधून ठेवलेलं पाहिलं की राजवाड्यांची आठवण येते आणि वाईट वाटतं.

कायद्याचं सांगायचं तर आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात आधी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकुर १९४१ साली गेले. म्हणजे १९९१ संपताच त्यांचं साहित्य सगळ्यांचं होणार होतं. तेव्हा मुदत वाढवून ६० वर्षांची करण्यात आली. लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले, तर १ जानेवारी २०११पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी. मर्ढेकर आणि बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापून आलेलं लेखन २०१७च्या पहिल्या दिवशी मोकळं झालं. सरदेसाई १९५९च्या नोव्हेंबरात गेले, म्हणून २०२०.

मुदत संपलेलं पुस्तक विकायलाही कुणाला मनाई नाही, हे इथे स्वच्छ सांगायला हवं. फुटपाथवर 'श्यामची आई'ची स्वस्त प्रत विकणारा गुन्हा करत नाही, आणि धूसर पानावर चौकट लावणाराही करत नसेल. फरक इतकाच की फुटपाथवरच्याने कागद, शाई, बांधणी असं काहीतरी घातलेलं असतं. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकांच्या स्टॉलसमोर लोटणारी गर्दी आठवा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९पासून काढले, आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत ते जड खंड घालून घरी नेतात. तिथे विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही त्या पुस्तकाशी संबंध असतो. हेच खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तरीही वर्गणीच्या ठिकाणी ते चढवलेले दिसतात, आणि माहीत नसलेला वाचक तिथे पैसे भरतो.

त्याला मोफत प्रत का सापडत नाही, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते. उत्तर मिळालं ते त्या मोफत प्रतींच्या नावांत. २०००नंतरच्या दशकात सरकारी पैशाने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठीही भरपूर. काही वर्षांपूर्वी ते संकेतस्थळ बंद पडलं. कार्ल मालामुड नावाच्या अमेरिकन माणसाने, सार्वजनिक कागद सार्वजनिक व्हावेत म्हणून आयुष्य घातलेल्या त्या कार्यकर्त्याने, तिथली पुस्तकं उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली नसती, तर तो सगळा खर्च आणि ती सगळी पानं आपल्या हातून गेली असती. त्याचं ऋण मराठी वाचकावर मोठं आहे.

पण स्कॅन करताना नोंदी घाईत झाल्या. मराठी नावं रोमन लिपीत, तीही ऐकीव उच्चारावरून. लेखकाच्या जागी 'उपलब्ध नाही'. प्रकाशनाचं साल कुठे शून्य, कुठे अशक्य आकडा. 'खंड तिसरा'चा तिसरा गळालेला. आता धुळ्याच्या किंवा लातूरच्या मुलाने देवनागरीत पुस्तकाचं नाव टाकून शोधलं, तर ही प्रत त्याच्या समोर येणार कशी? समोर येते ती कुलूपबंद प्रत, कारण ती चढवणाऱ्या कुणीतरी देवनागरीत पुस्तकाचं आणि लेखकाचं पूर्ण नाव टाइप केलेलं असतं. जे मोकळं आहे त्याला धड नाव नाही, आणि ज्याला धड नाव आहे ते मोकळं नाही. कुलूप तोडण्याच्या गोष्टी तरुण मुलं माझ्याशी करतात, तेव्हा मी त्यांना हे दाखवते. पुस्तकाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी रोमनमध्ये लिहून शोध, म्हणते. 'स' आणि 'श' अदलून बघ. शेवटचा 'अ' टाकून बघ, काढून बघ. बहुतेक वेळा सापडतं.

कुलूप तोडणाऱ्या संकेतस्थळांविषयीही बोललं पाहिजे, कारण मुलं सर्रास तिथे जातात. कुलूपबंद कागदाचा पत्ता तिथे चिकटवायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. त्या पानांवर जाहिरातींची बटणं खऱ्या बटणाच्या शेजारीच बसवलेली असतात. चुकीच्या ठिकाणी बोट पडलं की भलतंच काहीतरी यंत्रात उतरतं. मी तिथे जात नाही. यंत्राची भीती हे कारण आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. त्या वाटेने चालू लेखकाचं पुस्तक आणि शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक सारख्याच हाताने उचललं जातं. आज लिहिणारा मराठी लेखक हजार प्रतींच्या आवृत्तीवर जगत नाही, कुणीच जगत नाही. तरी त्याच्या हक्काचे जे थोडे पैसे आहेत ते बुडवायला मी मदत करणार नाही. व्हॉट्सॲपवर नव्या कादंबरीची पीडीएफ फिरते तेव्हा मी ती पुढे पाठवत नाही, आणि पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगते. मोकळ्या झालेल्या पुस्तकांसाठी भांडायचं, तर ज्या पुस्तकांवर अजून लेखकाचा हक्क आहे तो हक्क आधी पाळायला हवा. नाहीतर आपलं भांडण फक्त फुकटाचं ठरतं.

पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक शेवटी दोन ओळी लिहीत. चूकभूल माझी नाही, समोर जसं होतं तसं उतरवलं. आणि वाचणाऱ्याने ही पोथी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपावी. पाठ आणि मान दुखेपर्यंत बसून केलेलं काम, म्हणून ही विनंती. नकल करणारा तेव्हा त्या ग्रंथाला काहीतरी देत होता. आजच्या नकलेत तसे श्रम उरलेले नाहीत. तरी ग्रंथाला काहीतरी द्यायची जागा अजून शिल्लक आहे, असं मला वाटतं. ती जागा नोंदीत आहे, निवडीत आहे, स्वच्छ स्कॅनमध्ये आहे.

हे करून दाखवलेली उदाहरणं आपल्याकडे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. कुणी गायली, गाव कुठलं, विषय काय, याच्या नोंदींसकट. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळाने त्यातल्या कितीतरी ओव्या आवाजासकट सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. पहाटे दळताना सासरचं दुःख जात्याला सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या ओवीखाली आहे, आणि तिची नात आज मोबाइलवर पैसे न भरता आजीचा आवाज ऐकू शकते. माझी एक विद्यार्थिनी ओव्यांवर काम करते. तिला हा संग्रह मोकळा मिळाला. त्याच विषयावरचा एक जुना लेख मात्र वर्गणीच्या चौकटीमागे होता. तिने मोफत दिवसांसाठी कार्ड दिलं, लेख उतरवला, आणि वर्गणी बंद करायला विसरली. २०२१पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याआधी एक दिवस सूचना येते, ती तिने वेळेत पाहिली म्हणून वाचली. फेलोशिप नसलेल्या मुलीला महिन्याचे काही शे रुपये ही लहान रक्कम नसते.

१ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था, जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी आणि संशोधक. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणते. सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला जगातलं विज्ञान हाताशी आलं. पण ही योजना सरकारी संस्थांची. गावात बसून स्वतःच्या हिमतीवर कुलवृत्तांत लिहिणारे, तालुक्याचा इतिहास जमवणारे, बखरींचे पाठभेद तपासणारे निवृत्त शिक्षक तिच्यात बसत नाहीत. मराठीतलं किती संशोधन अशा माणसांनी केलं आहे! राजवाडे स्वतः कुठल्या विद्यापीठात नव्हते. आज ते हयात असते तर त्यांना या योजनेतून एक लेखही वाचता आला नसता. आणि ६,००० कोटी परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीला देणारा देश, मराठी, कन्नड, ओडियातली मोकळी झालेली पुस्तकं नीट नावानिशी मांडायला त्यातला नखभर तरी हिस्सा बाजूला काढू शकतो, असं मला पक्कं वाटतं.

राज्य पातळीवर थोडं काम झालं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत. वाईच्या कार्यालयातून उभा राहिलेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली निघाला, तो आज कुणालाही वाचता येतो. केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने खुला केला. शोधगंगेवर विद्यापीठांतले प्रबंध मोफत आहेत. तेच प्रबंध पैसे भरून घेणारे लोक भेटतात तेव्हा त्यांना शोधगंगेचा पत्ता देते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघते.

पण खरी ताकद मला दिसते ती गावोगावच्या वाचनालयांत. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांवर वाचनालयं महाराष्ट्रात आहेत, 'अ' वर्गापासून 'ड' वर्गापर्यंत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. पण मी बोलते आहे ते लहान गावांतल्या, एका खोलीच्या, मानधनावरच्या ग्रंथपालाच्या वाचनालयांविषयी. त्यांच्याकडे अशी पुस्तकं आहेत जी कुणाकडेच नाहीत. स्थानिक छापखान्यात छापलेली देवस्थानांची माहात्म्यं, शेतकी पत्रकं, संगीत नाटकांच्या पदांच्या चोपड्या, शाळेच्या रौप्यमहोत्सवाचे अंक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून मोडतो. पान उलटलं की कोपरा हातात येतो. यांना फार वेळ उरलेला नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही चार-पाच जण रविवारी बसतो. पुस्तक सपाट स्कॅनरवर दाबायचं नाही, पाठ फुटते. त्याला इंग्रजी व्ही आकाराच्या लाकडी पाळण्यात अर्धवट उघडं ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतो. एकाने पान धरायचं, एकाने बटण दाबायचं, एकाने पानांचे क्रमांक तपासायचे. तपासणारा नसेल तर दोन पानं हमखास सुटतात. मग नोंद. पुस्तकाचं नाव देवनागरीत, जसं छापलंय तसंच, लेखकाचं पूर्ण नाव, छापखाना, साल शके असेल तर शके आणि इसवी दोन्ही, आणि मूळ प्रत कुठल्या वाचनालयाची, दाखल क्रमांकासकट. तो शिक्का आम्ही पुसत नाही, कापत नाही. ज्या गावाने जपलं त्याचं नाव पुस्तकाबरोबर जाऊ दे. नंतर फाइल इंटरनेट आर्काइव्हवर जाते, आणि काही पुस्तकं मराठी विकिस्रोतावर, जिथे यंत्राने ओळखलेली अक्षरं माणसं ओळीओळीने तपासतात. न तपासलेलं पान तांबड्या खुणेचं, एकदा तपासलेलं पिवळ्या, दुसऱ्यानेही तपासलं की हिरव्या. जुन्या खिळ्यांतला 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचा, मात्रा तुटलेल्या. यंत्र तिथे अडखळतं. आमचे एक निवृत्त पोस्टमास्तर मात्र झरझर वाचत जातात. त्यांच्या नावाखाली हिरव्या पानांची मोठी रांग आहे.

हे काम कुलूपबंद ठिकाणांना विरोध म्हणून नाही. ती आपल्या जागी राहोत, ज्यांना सोयीची आहेत त्यांनी वर्गणी भरावी. एखादं पुस्तक देवनागरीत शोधलं की मोकळी प्रत कुलूपबंद प्रतीच्या वर दिसावी, एवढीच आमची खटपट. काही पुस्तकांच्या बाबतीत तसं घडलंही आहे. ज्या दिवशी आमच्या वाचनालयाच्या शिक्क्याची प्रत शोधात पहिली आली, त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना पेढे दिले.

सध्या आम्ही अडलो आहोत ते एका लेखकापाशी. याच तालुक्यातले शाळामास्तर. शेती, पाणी आणि बियाण्यांवर त्यांनी लहान लहान पुस्तकं लिहिली, स्वतःच्या खर्चाने छापली. उसाच्या बेण्याविषयी त्यांनी जे लिहिलंय ते आजही शेतकऱ्यांनी वाचावं असं. वाचनालयात त्यांची पुस्तकं आहेत, शेवटचं १९४०च्या दशकातलं. पण ते गेले कधी? १९६०च्या आधी गेले असतील तर पुस्तकं मोकळी आहेत. १९७५ला गेले असतील तर नाहीत, आणि मग वारसांना शोधून त्यांची लेखी परवानगी घ्यायला हवी. अंदाजावर आम्ही चढवणार नाही. त्यांच्या शाळेच्या शतकमहोत्सवी अंकात फोटो आहे, जन्मसाल आहे, मृत्यूचं साल नाही. घर पडून तिथे आता दुकानं झाली आहेत. एका म्हाताऱ्या विद्यार्थ्याने सांगितलं की मास्तर शेवटी थोरल्या मुलाकडे सांगलीकडे गेले. दुसऱ्याने सांगितलं, नाही, इथेच वारले, मोठा पाऊस झाला त्या वर्षी. कुठला पाऊस, ते त्यांना आठवत नाही. आता ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या बघायला परवानगी मागितली आहे. ग्रामसेवक म्हणाले, जुन्या वह्या तहसीलमध्ये गेल्या, काही मोडीत आहेत, वाचणारं कुणी असेल तर या. पोस्टमास्तरांना मोडी येते.